मुलं काही सांगत नाहीत? आधी या चुका टाळा

पालकांच्या पहिल्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं. "आमचा मुलगा आम्हाला काही सांगतच नाही हो." मी विचारते, शेवटचं त्याने काय सांगितलं होतं, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? खोलीत शांतता पसरते. मग एखादी आई हळूच म्हणते, "ओरडले होते."

12 ते 15 वयाच्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे गट घेऊन मला बरीच वर्षं झाली. चुका त्याच त्याच. कुणी एखादी नवी चूक घेऊन आलं तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकेन.

फोन चोरून वाचणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती करणाऱ्याला आपण फार जबाबदारीने वागतोय असं वाटत असतं.

एक वडील होते. मुलगी 14 वर्षांची. ती झोपली की ते तिचा फोन वाचायचे. तीन आठवडे वाचला. सापडलं काय, तर अभ्यासाची कुरकुर, कुणाच्या तरी केसांवर लांबलचक चर्चा, आणि मैत्रिणींशी बोलताना तिने बाबांना ठेवलेलं नाव: "जेलर". ते त्यांना झोंबलं. मनातल्या मनात ठेवलं असतं तरी निभावलं असतं. पण एका संध्याकाळी किरकोळ वादात तोंडून निसटलंच, "हो, आहेच मी जेलर!"

मुलगी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला. आठवडाभरात दुसऱ्या नावाचं खातं निघालं. चार महिन्यांनी त्याच खात्यावर स्वतःला 17 वर्षांचा म्हणवणारा कुणीतरी तिच्याकडे फोटो मागत होता, आणि न दिल्यास बदनामी करीन म्हणत होता. हे तिने कुणाला सांगितलं? मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीला. तिथून ते आईपर्यंत पोचलं. बाबांना सगळ्यात शेवटी कळलं. माझ्यासमोर बसून ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पण मी तर लक्ष ठेवून होतो."

स्टाटिन आणि कर या दोन संशोधकांनी 2000 साली स्वीडनमधल्या 14 वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून नेमकी हीच गोष्ट मांडली होती. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, त्यातलं बहुतेक मुलांनी आपण होऊन सांगितलेलं असतं. चौकशा आणि पाळत यांतून हाती फारसं काही लागत नाही. चोरून वाचलेल्या तीन आठवड्यांच्या बदल्यात त्या वडिलांनी हा एकमेव भरवशाचा मार्ग बंद करून टाकला होता.

माझी पद्धत साधी आहे. फोन हातात देतानाच मोठ्याने ठरवायचं: काय बघणार, कधी बघणार, आणि बघायचं तर तिच्यासमोर. अपवाद मी तीनच मानते. जीव द्यायची भाषा, कुणी मोठं माणूस गुपित ठेवायला सांगतंय, आणि फोटोवरून धमकी. अशा वेळी मी खासगीपणाचा विचार करत बसत नाही. पण तेव्हाही "मला भीती वाटतेय, म्हणून आपण दोघी मिळून बघूया" असंच म्हणते. धमकी आली असेल तर पहिलं वाक्य "यात तुझी चूक नाही" हेच हवं. मेसेज पुसायचे नाहीत, पैसे किंवा आणखी फोटो द्यायचे नाहीत, आणि तक्रारीला मोठ्यांनीच पुढे व्हायचं. "पण तू मुळात त्याच्याशी बोललीसच का?" हा प्रश्न गिळून टाका. तो विचारलात की पुढच्या वेळी ती मैत्रिणीच्या बहिणीलाही सांगणार नाही.

"कोण गं तो?" म्हणून हसणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

13 वर्षांचा एक मुलगा गट संपल्यावर रेंगाळला. दप्तराचा पट्टा चाळवत म्हणाला, एका मुलीने त्याच्याकडे पासवर्ड मागितलाय. विश्वास असेल तर दे, म्हणाली. मला घरी जायची घाई होती. मी हसले आणि म्हणाले, "अरे, वय आहे का तुमचं हे?" तोही हसला. दप्तर उचललं आणि गेला. पुढचे सहा महिने तो गटाला न चुकता आला, पण माझ्याशी बोलला तो फक्त परीक्षा आणि सुट्ट्यांबद्दल.

तो मला प्रेमप्रकरण सांगत नव्हता. "हे मला खटकतंय, ते बरोबर आहे का?" एवढंच विचारत होता. आणि खटकायलाच हवं होतं. पासवर्ड मागणं, दर अर्ध्या तासाला कुठे आहेस विचारणं, ठरावीक मैत्रिणींशी बोलू नको म्हणणं, "सोडून गेलीस तर मी काहीतरी करून घेईन" असं म्हणणं, ही सगळी ताब्यात ठेवण्याची लक्षणं. या वयात ती प्रेमाची खूण वाटतात, कारण तुलना करायला आधीचा अनुभवच नसतो. तो अनुभव आपल्याकडे असतो, आणि आपण हसत बसतो.

तेव्हापासून कानाला खडा लावला. मूल असं काही बोललं की हातातलं काम खाली ठेवते आणि एकच विचारते, "मग तुला कसं वाटलं?" सल्ला त्या दिवशी देत नाही. अगदीच राहवलं नाही तर दुसऱ्या दिवशी देते.

मुलीला "नाही म्हण" शिकवणं, आणि तिथेच थांबणं

मुलींना नकार द्यायला शिकवणारे पालक आता बरेच भेटतात. नकार घ्यायला कुणी शिकवतच नाही, मुलांनाही नाही आणि मुलींनाही नाही. मी गटात जोड्या लावून हे करून घेते. एकाने विचारायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. मग पहिल्याने "बरं, ठीक आहे" म्हणून विषय बदलायचा. "का?" विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही, चार दिवसांनी मित्राकरवी पुन्हा निरोप धाडायचा नाही. पहिल्यांदा खिदळतात. पाचव्या खेपेला गंभीर होतात. "मला माहीत नाही", "बघू" आणि गप्प बसणं हेही नकारच धरायचे, हे मी दर वेळी नव्याने सांगते.

आणि हे घरात आधी दिसायला हवं. "दार लावून घेऊ का?" "नको." "बरं." एवढंच. ज्या घरात मुलाच्या "नको"ला किंमत नाही, तिथला मुलगा दुसऱ्याच्या "नको"ला किंमत द्यायला कुठून शिकणार?

भांडण झालं की हाताला धरून "सॉरी म्हण"

सॉरी म्हटलं जातं. भांडण आत तसंच राहतं. दोघांना एकेकटं ऐका. मग त्यांचं त्यांना मिटवू द्या, किंवा न मिटवू द्या. काही मैत्र्या संपतात, त्या संपू द्याव्यात.

"तो मुलगा चांगला नाही, त्याच्याबरोबर फिरायचं नाही"

असं म्हटल्यावर तो मित्र आणखी जवळचा होतो, हे तुम्ही स्वतःही त्या वयात केलेलं आहे. मित्राला नावं ठेवण्याऐवजी ठरावीक गोष्टीवर बोला. "परवा त्याने तुला सगळ्यांसमोर चिडवलं, तेव्हा मला बरं नाही वाटलं." बास.

मित्रांसमोर शहाणी मुलं वेडेपणा करतात, हेही धरून चाला. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या 2005 सालच्या प्रयोगात संगणकावरच्या गाडी चालवायच्या खेळात 13 ते 16 वयाच्या मुलांनी मित्र शेजारी असताना एकट्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. 24 च्या पुढच्यांत असा फरक जवळपास दिसला नाही. म्हणून "मित्रांना ठामपणे नाही सांगायचं" हा उपदेश मला पोकळ वाटतो. त्यापेक्षा सुटायची वाट देऊन ठेवा. आमच्याकडे एक ठरलेलं अक्षर होतं. लेकीने ते पाठवलं की मी फोन करून चढ्या आवाजात लगेच घरी ये म्हणायचे. मित्रांत खडूस आई म्हणून माझं नाव झालं, झालं तर झालं. अट एकच: घरी आल्यावर त्या रात्री चौकशी नाही.

बारीकसारीक

आईबाबांचं भांडण चालू असताना मुलाला निरोप्या करणं. करू नका.

"तुझ्या वयात आम्ही..." इथून सुरू होणारं कुठलंही वाक्य.

भावंडाशी तुलना. यावर आणखी किती लिहायचं?

मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नातेवाइकांत गंमत म्हणून सांगणं. मुलं हे विसरत नाहीत, अजिबात विसरत नाहीत.

रात्री 11 ला "आज आपण जरा बोलूया" म्हणून समोर बसवणं. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, आणि पेंगुळलेलं मूल कबूल काहीही करतं. शेजारी शेजारी असताना बोला, चालताना, भांडी पुसताना. नजर भिडवावी लागत नाही तिथे जीभ सैल सुटते.

आणि शेवटची, घाई. "एकदाच बसवून सगळं समजावून सांगते" म्हणणाऱ्या पालकांना मी आधीच सांगते, तासाभराच्या एका भाषणापेक्षा दोन-दोन मिनिटांची पन्नास बोलणी बरी. तरी दर बॅचला एकाचा निरोप येतोच: "मॅडम, पंधरा दिवस झाले मी अजिबात ओरडलो नाही. अजून काही सांगत नाहीये." मी उत्तरात विचारते, त्याआधी किती वर्षं ओरडत होतात?