अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन: तारीख घेण्यापासून कामावर रुजू होईपर्यंतची तयारी

तारीख घेण्याआधी घरात एक प्रश्न सोडवून घ्या: पुढचे तीन महिने पाणी कोण भरणार? अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय किंवा योनीमार्गाच्या भिंती खाली उतरणं. त्या सैल पडलेल्या भिंती टाके घालून घट्ट करण्याचं हे ऑपरेशन, मग गर्भाची पिशवी काढून केलेलं असो की ठेवून, साधारण एक-दोन तासांत उरकतं. टाके आत असतात, दिसत नाहीत, आणि ते विरघळून जाईपर्यंत त्यांच्या जागी शरीराने स्वतःची घट्ट वीण तयार करायची असते. दुखणं दोन-तीन आठवड्यांत बरंचसं थांबतं. त्या विणीला पुरती ताकद यायला मात्र तीन महिने लागतात, आणि घोटाळा होतो तो या मधल्या काळात. तिसऱ्या आठवड्यात बाईला बरं वाटायला लागतं, मदतीला आलेली बहीण आपल्या घरी जाते, आणि त्याच संध्याकाळी नळाला पाणी येतं.

म्हणून महिना निवडताना पंचांग नाही पाहिलं तरी चालेल, पाण्याचं आणि कामाचं वेळापत्रक पाहा. एप्रिल-मे मध्ये टँकर येणाऱ्या गावात उन्हाळ्यातलं ऑपरेशन अडचणीचं. शेतावर जाणारीने ऑपरेशन आणि पहिली खुरपणी यांच्यात तीन महिन्यांचं अंतर ठेवावं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी हिशेब सरळ आहे: कारखान्यांचे बॉयलर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात, तेव्हा जूनच्या पुढे तारीख ढकलू नये. शिक्षिकांना मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा सोयीचा, कारण शाळा उघडेपर्यंत पाच-सहा आठवडे आपोआप मिळतात.

रजेचं आधीच बघा. बसून काम असेल तर चार ते सहा आठवडे, उभ्याचं किंवा चालण्याचं असेल तर सहा ते आठ, आणि ओझ्याचं असेल तर तीन महिने धरून चला. राज्य सरकारी नोकरीत वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित (पूर्ण पगाराची) रजा मिळते. ती अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुपटीने वजा होते, म्हणून खात्यात किती दिवस शिल्लक आहेत ते आस्थापना शाखेत आधी विचारा. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत (दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार) आजारपणाचा लाभ पगाराच्या 70 टक्के दराने वर्षाला 91 दिवसांपर्यंत असतो, पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो, नुसतं खासगी दवाखान्याचं कार्ड चालत नाही. मेडिक्लेम असेल तर गर्भाशयाच्या ऑपरेशनला अनेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं, ते कलम वाचून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून, आपलं ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का, ते पक्कं करा. घरकाम करणाऱ्या बायकांना यातलं काहीच लागू नसतं. त्यांनी बदलीची बाई स्वतः शोधून, मालकिणीशी तीन महिन्यांचं बोलून ठेवलं तर घरं हातची जात नाहीत.

आता शरीराची तयारी. रक्त कमी असेल तर ते आधी भरून काढायचं, साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणायचे, लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो संपवायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. मनाने बंद करू नका. पाळी गेलेल्यांना डॉक्टर काही आठवडे योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतात, ते लाजून कपाटात ठेवायचं नाही. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट खोकला. चुलीचा धूर, दमा, ॲलर्जी, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला: कारण शोधून तो आधी थांबवा, कारण प्रत्येक ठसक्याला पोटातला दाब थेट टाक्यांवर आदळतो. मिश्री आणि तंबाखूही सोडायची. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम हळू भरते.

घरात पलंग हवा, जमिनीवरची गादी नको. खालून उठताना जोर पोटावर येतो. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची प्लास्टिकची कमोड-खुर्ची आणून ठेवा, कारण बहुतेक डॉक्टर निदान सहा आठवडे उकिडवं बसू देत नाहीत. रोज लागणारे डबे, तेलाची बरणी, कुकर हे सगळं कमरेच्या उंचीवर आणा. पाच-सहा सुती चड्ड्या, मोठ्या पॅडची तीन पाकिटं, आणि रात्री उठल्यावर हाताशी लागेल असा दिवा एवढं पुरे. आत ठेवायचे टॅम्पॉन किंवा कप मात्र अजिबात नाहीत.

रुग्णालयात साधारण दोन-तीन दिवस जातात. भूल देण्याआधी सहा तास खायचं नाही. साधं पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांना विचारा. जागं होताना योनीमार्गात गॉजचा बोळा आणि लघवीला नळी असते. शौचाला लागल्यासारखं वाटतं ते त्या बोळ्यामुळे, कुंथायचं नाही. दोन्ही बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. नळी काढल्यावर चार ते सहा तासांत लघवी व्हायला हवी आणि मूत्राशय नीट रिकामं होतंय का ते सोनोग्राफीने किंवा नळी घालून मोजतात. खूप उरत असेल तर काही दिवस नळीसकट घरी पाठवतात. याने घाबरू नका, सूज उतरली की बहुतेकींचं सुरळीत होतं. घरी सुरुवातीला भरल्याची जाणीव नीट होत नाही, म्हणून घड्याळ बघून दर तीन-चार तासांनी जायचं, झाल्यावर थोडं पुढे झुकून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. डिस्चार्ज कार्डावर नेमकं कोणतं ऑपरेशन झालं, पुढची (मूत्राशयाकडची) भिंत की मागची (गुदाशयाकडची) की दोन्ही, आधाराची जाळी बसवली का, हे स्पष्ट लिहून घ्या. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर हाच कागद कामाला येतो.

शौच. टाके बिघडण्यात कुंथण्याचा वाटा ओझ्याइतकाच आहे, आणि ऑपरेशननंतर बद्धकोष्ठ होणं जवळजवळ ठरलेलं: उपास, झोपून राहणं, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, लोहाच्या गोळ्या, त्यात आपलं पथ्य. भाताने, बटाट्याने टाके पिकतात या समजाला आधार नाही. पण ऑपरेशन झालंय म्हणून आठ दिवस शिरा, साबुदाणा आणि चहा-बिस्किटावर ठेवलेल्या बाईचं पोट घट्ट होतंच. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, पपई, पेरू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका पहिल्या जेवणापासून चालतात, डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर. दिवसाला आठ पेले पाणी. इसबगोल दोन चमचे घ्यायचं तर मोठ्या पेलाभर पाण्यात, कालवल्या कालवल्या प्यायचं आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते आतच घट्ट होऊन उलट अडवतं. लॅक्टुलोजचं औषध डॉक्टर बहुधा रात्री 15 ते 30 मिलि देतात, ते दुखणं थांबलं म्हणून बंद न करता शौच मऊ होईपर्यंत चालू ठेवा. कमोडवर बसताना पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, कोपर मांड्यांवर, तोंड किंचित उघडं, आणि श्वास सोडत. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, फिरा, पुन्हा कळ आली की जा. तिसऱ्या दिवसापर्यंत झालंच नाही तर फोन करा, घरात एनिमा घेऊ नका.

ओझ्याचं माप किलोतच धरा, नाहीतर 'हलकंच तर होतं' होतं. पहिले दोन आठवडे एक-दोन किलो, म्हणजे पाण्याची बाटली, दुधाची पिशवी. सहा आठवड्यांपर्यंत चार-पाच किलोच्या वर नाही. आता घर बघा: 15 लिटरचा हंडा 15 किलो, वर भांड्याचं वजन, ओल्या कपड्यांची बादली सात-आठ किलो, वर्षाचं नातवंड नऊ-दहा किलो, भरलेलं सिलिंडर 14.2 किलो म्हणतात पण टाकीसकट 30 किलोच्या आसपास. नातवाला मांडीवर दुसऱ्याने आणून द्यायचं, आपण वाकून उचलायचं नाही. हापसा मारणं, स्कूटर मधल्या स्टँडवर घेणं, जड पलंग सरकवणं, जात्यावर दळणं यांत हातात वजन नसलं तरी जोर तोच. अलीकडे काही सर्जन बंधनं सैल ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं तर त्यांना आपल्या कामाचं खरं वर्णन सांगून पुन्हा विचारा. 'घरकाम' या शब्दात हंडे आहेत हे त्यांना कळायला हवं.

पोटाला पट्टा किंवा साडी घट्ट आवळून बांधू नका. बाळंतिणीची सवय असते, पण इथे आवळलेलं पोट दाब खालीच ढकलतं. उठताना कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठायचं. पहिल्या दिवसापासून घरात चालायचं आणि बसल्या जागी दर तासाला पावलं वीस वेळा वर-खाली करायची, पायात गुठळी होऊ नये म्हणून. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम डॉक्टरांनी होकार दिल्यावर, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी: वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, मांड्या आणि नितंब सैल, श्वास चालू. जमेल तितके सेकंद धरून तितकेच सोडायचे, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका. शिंक येतेय, वजन उचलायचंय, तर आधी असंच आत-वर ओढून धरायचं. कपालभाती आणि सूर्यनमस्कार तीन महिने बाजूला.

पांढरट-तपकिरी स्राव चार-सहा आठवडे चालतो, दोऱ्याचे तुकडे पडतात, दहाव्या दिवसाच्या सुमाराला थोडं ताजं रक्तही दिसतं. हे चालतं. तासाभरात पॅड भिजणं, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वास, लघवी न होणं किंवा जळजळ, वाढत जाणारं दुखणं: त्याच दिवशी दवाखाना. एका पोटरीला सूज-दुखणं, छातीत कळ किंवा धाप लागणं असेल तर क्षणाचाही उशीर नको, 108 ला फोन. शरीरसंबंध सहा आठवडे नाहीत, तपासणीनंतरच. हे नवऱ्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं.

कामावर जाण्याआधी सहा आठवड्यांची तपासणी करून फिटनेस सर्टिफिकेट घ्या आणि त्यावर 'पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, सलग उभं राहू नये, अमुक तारखेपर्यंत' असं तारखेसकट लिहून मागा. मोघम 'हलकं काम' लिहिलं की साहेब आपल्या मनाने अर्थ लावतात. पहिला आठवडा अर्धा दिवस मिळाला तर उत्तम, आणि तो आठवडा गुरुवारी सुरू करा म्हणजे दोन दिवसांनी विश्रांती येते. बसायचं काम असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने उठा; मधे भोक असलेल्या उशीपेक्षा साधी मऊ उशी बरी, भोकात भाग लोंबकळतो. शिक्षिकेने वर्गात खुर्ची ठेवून बसून शिकवावं, वह्यांचे गठ्ठे मुलांनी आणावेत. कंडक्टर बाईंनी डेपोतलं काम मागून घ्यावं, कारण चालत्या एसटीत तोल सावरताना पोट सतत ताणलेलं असतं. घरकामात आधी स्वयंपाकाची आणि भांड्यांची घरं धरायची, कपडे धुणं आणि फरशी पुसणं शेवटी, फरशीही लांब दांड्याचा पोछा मिळेल तिथेच. खुरपणी तीन महिन्यांनंतर, आणि शेतातली सुरुवात बसून करायच्या नव्हे, उभ्याने करायच्या कामापासून. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉली भरणं कायमचं सोडता आलं तर सोडा. मुकादमाशी कोयत्याच्या, म्हणजे नुसत्या ऊस तोडण्याच्या कामाचंच बोलून घ्या. गाडी चालवणं तीन-चार आठवड्यांनी, जोरात ब्रेक दाबताना कळ येत नसेल तरच. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी सहा आठवड्यांनी.

कामाचे पहिले पंधरा दिवस संध्याकाळी खाली जड वाटेल. रात्री आडवं झाल्यावर ते गेलं तर दुसऱ्या दिवशी काम थोडं कमी करा. सकाळी उठल्यावरही जड वाटलं किंवा धुताना हाताला गोळा लागला तर तीन महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता दाखवा. पुढची भिंत पुन्हा सैल होणं सगळ्यात जास्त आढळतं, आणि लवकर कळलं तर व्यायाम किंवा आत बसवायची आधाराची रिंग यावरही भागू शकतं.