सॉफ्टवेअर कोणी निवडावे? लघुउद्योजकांनी या चुका टाळाव्यात

लघुउद्योगात नवी प्रणाली फसली की खापर सॉफ्टवेअरवर फुटते. प्रत्यक्षात ते निवडताना योग्य माणसाला विचारलेलेच नसते, असे मला वारंवार दिसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मालकाने एकट्याने डेमो पाहून आगाऊ रक्कम देणे. डेमोतील माहिती विक्रेत्यानेच भरलेली असल्यामुळे तिथे काहीच अडत नाही. नटबोल्टच्या एका व्यापाऱ्याने असेच केले. त्याची खरेदी किलोवर आणि विक्री नगावर होत असे, तर नव्या प्रणालीत एका मालाला एकच एकक देता येत होते. गोदाम सांभाळणाऱ्याने हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला असता, पण त्याला बोलावलेच नव्हते. काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत असल्याने तो अंदाजाने किलोचे नग करून नोंदी भरत राहिला आणि मार्चअखेरच्या मोजणीत संगणकातला साठा व रॅकवरचा माल यांचा मेळ कुठेच बसेना. अखेर जुनी वही पुन्हा उघडावी लागली आणि परवान्याचे पैसे वाया गेले.

म्हणून पैसे देण्यापूर्वी मी मागच्या महिन्यातील सर्वांत किचकट व्यवहार निवडतो: परत आलेला माल, अर्धवट पुरवठा, आगाऊ रकमेचे समायोजन. ते रोज काम करणाऱ्यानेच भरायचे, विक्रेत्याने माउसला हात लावायचा नाही. यात काही दिवस जातात, आणि ज्यांना एवढाही धीर नसतो त्यांनी खरेदीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक याच्या उलट आहे: सगळे हिशेबनिसावर किंवा संगणक दुरुस्त करणाऱ्यावर सोपवून मालकाने मोकळे होणे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना, काही अपवाद वगळता, इतर जीएसटी-नोंदणीकृत व्यवसायांना माल विकताना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, काढावे लागते. या अटी पूर्ण होत नसतील तर हिशेबनिसाला नकाराचा अधिकार असावा, परंतु जबाबदारी मालकावर येत असल्यामुळे अंतिम सही त्याचीच हवी.

भाच्याने सुचवले, हे कारण पुरेसे नाही. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि अॅडमिनचे, म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा देणारे, खाते विक्रेत्याच्या नावावर ठेवू नये. प्रणाली मार्चमध्ये बदलू नये. साठा प्रत्यक्ष मोजून 1 एप्रिलला सुरुवात करावी आणि निदान पहिली दोन जीएसटी विवरणपत्रे भरून होईपर्यंत जुनी पद्धतही चालू ठेवावी.