इमॅजिकाला फॅमिलीसोबत जाताय? आधी हे वाचा

खोपोलीच्या इमॅजिकाला (थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही आहेत तिथे) जायचं ठरत असेल तर पहिलं काम म्हणजे पोरांची उंची मोजा, चपला काढून, दाराला पाठ लावून, कारण लहान मुलांचं तिकीट तिथे उंचीवर ठरतं आणि नायट्रोसारख्या मोठ्या राईडला उंची कमी पडली की पोरगं खाली उभं राहून रडतं, पैसे गेलेले असतात ते वेगळंच. तिकीट ऑनलाईनच काढा, शक्यतो मंगळवार-बुधवारचं, शनिवार-रविवारी रेट पण जास्त आणि लाईन पण. दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीत तर नकोच बाबा.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकायचा हट्ट करू नका, दोन्ही अर्धेच होतात. वॉटर पार्क करणार असाल तर सगळ्यांचे नायलॉनचे कपडे घरूनच न्या, कॉटन चालत नाही, मग तिथे भाड्याने घेत बसा. बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, त्यामुळे थालीपीठ-दही जे काय असेल ते गेटबाहेर गाडीतच दाबून खाऊन घ्या, आत मग एकच जेवण पुरतं. गाडी नसेल तर खोपोलीपर्यंत लोकल आहेच, पुढे रिक्षा, भाडं आधी ठरवून.