किल्ल्याचं घड्याळ कशावर चालतं? गडाच्या कारभारातल्या या चुका टाळा

पावसाळ्यात गोव्यात मैदानं चिखलात जातात, समुद्राकडे फिरकण्याची सोय नसते आणि चवथ अजून लांब असते. मग आमच्या फोंड्याच्या कंपूत कुणी ना कुणी 'पिलर्स ऑफ इटर्निटी' हा कॉम्प्युटर गेम नव्याने सुरू करतो. थोड्याच दिवसांत गेममधल्या एखाद्या सोबत्याबद्दल ठरलेली तक्रार येते: "अरे, झोपून झोपून कंटाळलो, पण पालेजिना मोहिमेवरून काही परत येत नाही. बग आहे रे हा!"

बग नाही. ऑब्सिडियनच्या 2015 च्या या गेममध्ये किल्ल्याचा जुना मालक मेरवाल्ड याचा निकाल लागला की काएद नुआ हा पडका किल्ला तुमच्या ताब्यात येतो, आणि तिथून दोन घड्याळं एकदम चालू होतात. बांधकाम दिवसांवर चालतं. तट, बुरूज, वाचनालय काहीही उभारायला घ्या. तुम्ही झोपलात, नकाशावर लांबचा प्रवास केलात की काम पुढे सरकतं. सोबत्यांच्या मोहिमा मात्र 'टर्न'वर मोजल्या जातात, आणि टर्न पुढे जातो तो क्वेस्ट, म्हणजे गेममध्ये कुणी सोपवलेली कामगिरी, पुरा केल्यावर. म्हापशाच्या स्टँडवरची खाजगी बस कशी भरल्याशिवाय हलत नाही? तुम्ही आत बसून कितीही वेळ घड्याळ बघा, प्रवासी आल्याशिवाय कंडक्टर शिट्टी मारत नाही. इथले प्रवासी म्हणजे क्वेस्ट.

म्हणून काही अडकलंय असं वाटलं की आधी किल्ल्याचं पॅनेल उघडून त्या कामापुढे दिवस लिहिलेत की टर्न, ते बघा. दिवस असतील तर झोपा. टर्न असतील तर झोपून काही उपयोग नाही.

यातच एक युक्ती आहे, ती फार कमी जण वापरतात. काम उरकलेलं आहे, फक्त ज्याने सांगितलं त्याच्याशी शेवटचं बोलणं बाकी आहे, असे दोन-तीन क्वेस्ट हाताशी ठेवायचे. आधी सोबत्याला मोहिमेवर धाडायचं, मग एकामागून एक ते बोलणं उरकायचं. गडी लवकर परत! उलट क्रमाने केलंत तर ते टर्न फुकट गेले.

कोणाला धाडता तेही बघा. एडेरला पाठवून लगेच काएद नुआच्या खालच्या तळघरांत उतरणारे महाभाग आहेत. तळघरांचे मजले पंधरा, आणि पुढे उभं राहून मार खाणारा तर बाहेरगावी. रोजच्या टोळीत जो नसतो, त्यालाच मोहीम द्या.

बांधकाम लवकर व्हावं म्हणून मुक्कामाचं सामान जंगलात उधळणं हीसुद्धा हौसच. 'हार्ड' या अवघड पातळीवर त्याचे जेमतेम दोनच संच बाळगता येतात. त्यापेक्षा खानावळीत खोली घ्या, किंवा काएद नुआतला ब्राइटहॉलो हा वाडा दुरुस्त करून तिथे फुकट झोपा. मुख्य कथेला मुदत नाही, त्यामुळे झोपेची किंमत फारशी मोजावी लागत नाही. फक्त किल्ल्यावर हल्ला येतोय असा निरोप आला असेल तर आडवं व्हायच्या आधी काएद नुआ गाठा. नाहीतर लढाईचा निकाल तुमच्या माघारी लागतो.

(बाकी फार जीव लावू नका. गेमच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच इओथास नावाचा देव हा किल्ला जमीनदोस्त करतो.)

खरा घात होतो तो इथली सवय घेऊन 'पाथफाइंडर: किंगमेकर'मध्ये गेल्यावर. 2018 च्या या गेममध्ये कॅलेंडर खरोखरच मुदत लावतं. स्टॅग लॉर्ड या डाकूंच्या म्होरक्याला हरवायला सुरुवातीलाच 90 दिवस मिळतात. राज्य हातात आलं की सल्लागाराची रँक वाढवायला राजाचे स्वतःचे 14 दिवस जातात, आणि तेवढे दिवस गेम सरळ पुढे ढकलतो. राज्यावर आलेल्या समस्येचं, मुदत असलेलं कार्ड टेबलावर पडलंय, सल्लागार दुसऱ्याच कामात गुंतलाय, आणि तुम्ही हौसेने रँकचं बटण दाबलंत, तर परत येईपर्यंत मुदत उलटून राज्याचे आकडे घसरलेले असतात. आधी कार्डांच्या मुदती बघा, तातडीच्या समस्यांवर माणूस नेमा, चालू अध्यायाचं मुख्य संकट निस्तरा. 14 दिवस त्यानंतर.

दिवस चोरणाऱ्या आणखी दोन गोष्टी. लुटीचं सगळं लोखंड पाठीवर लादलं की नकाशावर टोळी रखडत चालते; आणि शिधा न घेता निघालात तर मुक्कामात शिकार करण्यात तास जातात. भंगार तलवारी तिथेच टाका, शिधा विकत घ्या.

आणि 14 दिवसांचं बटण दाबण्याआधी हाताने वेगळा सेव्ह करा, ऑटोसेव्हवर विसंबू नका. जुलैत आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि इन्व्हर्टरवर पंखा चालतो, डेस्कटॉप चालेलच असं नाही.