सरीची तोंडं कधी बुजवायची, कधी फोडायची: सोयाबीन आणि पावसाची टोकं

पावसाने सरासरी गाठली म्हणून सोयाबीन पिकतंच असं नाही. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तोही पीक फुलोऱ्यात असताना. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काढणीला आलेली रानं पाण्याखाली गेली. म्हणजे तयारी दोन्हींची हवी, आणि ती जुलैतच व्हायला हवी.

1. पेरणी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत दम धरा. शेजाऱ्याची तिफण चालली म्हणून आपली जुंपायची, यातच दुबार पेरणी ओढवते.

2. सरी काढा. सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच. बीबीएफ (रुंद वरंबा आणि सरी पाडणाऱ्या) यंत्राने पेरलं असेल तर सरी आयतीच मिळते. नसेल तर पीक 30-35 दिवसांचं झालं की दर चार ओळींनंतर कोळप्याला (ओळींमधली माती हलवणाऱ्या औजाराला) दोरी गुंडाळून एक सरी पाडा. तिचं तोंड बांधाकडच्या चरात उघडू द्या. एवढ्या एका सरीवर पुढचा सगळा हंगाम तरतो.

3. पावसाने ओढ दिली तर सरीची तोंडं मातीने बुजवा. पडेल तो थेंब तिथंच मुरेल. दुपारी पानं मलूल होतातच, त्याने घाबरायचं कारण नाही. सकाळी नऊलाही ती खाली मान घालून असतील तर मात्र पीक खरंच तहानलंय. फुलोऱ्याआधी असाल तर कोळपणी करा, भेगा बुजतात आणि ओल टिकते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती. फुलं लागल्यावर कोळपं घालू नका. 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट हे विद्राव्य खत) मिसळून फवारा. विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी असेल तर ते शेंगा भरताना तुषारने द्या.

4. धो-धो कोसळला तर तीच तोंडं फोडा, रात्र असली तरी. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी; 65 मिलिमीटरला अडीच लाखांच्या वर जातं. काळ्या रानात ते तुंबलं की मुळांचा श्वास कोंडतो, पानं पिवळी पडतात, आणि माणूस युरियाची गोणी उचलतो. थांबा. एक झाड अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने चिरा. आत गुलाबी असेल तर नत्राचा कारखाना चालू आहे. हिरवट किंवा करडी निघाली तर तो बंद पडलाय. पण दोन्ही वेळा आधी वाफसा (जादा पाणी निथळून रान मोकळं होणं), मगच 19:19:19 या विद्राव्य खताची फवारणी, प्रमाण वरचंच.

5. नोंद ठेवा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पाणी उभं असतानाच फोटो काढा. ओसरल्यावर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही.

6. काढणी. भिजलेल्या शेंगेत दाणा जागच्या जागी कोंब टाकतो. उघडीप पाहून कापा आणि गंजी उंचवट्यावर, ताडपत्रीखाली लावा. भिजलेला माल घरचं बियाणं म्हणून ठेवायचा असेल तर मे महिन्यात ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळा. 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी 30 किलो पेरा. 65 उगवले तर 32 किलो लागेल.