बापाच्या सूडाची गोष्ट विदर्भातल्या गावात घडवताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या खर्ड्यात पोरगं विहिरीत सापडलं, बापाला पाटलाचा संशय आला आणि तिसऱ्याच प्रकरणात कुऱ्हाड निघाली. पुढे नुसती हाणामारी. आमच्या गावाकडच्या मित्रानं वाचून एकच विचारलं, "काऊन रे, तुह्या गोष्टीतल्या बापाले पीएम रिपोर्ट मागाचं सुचलंच नाही काय?"

सगळ्यात जास्त घोळ कागदांचाच होतो. विहिरीत प्रेत मिळालं म्हणून पोलीस लगेच खून नोंदवत नाहीत. आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, मग पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा, मग शवविच्छेदन. १ जुलै २०२४ नंतरची गोष्ट असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, त्याआधीची असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४. ठाणेदार गुन्हा नोंदवत नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज, तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. लेखकाला हे कंटाळवाणं वाटतं. पण पंच म्हणून सही करणारा शेजारी बापाच्या नजरेला नजर का देत नाही, हा प्रसंग कुऱ्हाडीपेक्षा भारी आहे.

दुसरी चूक तारेची. रानडुकरांसाठी वावराला लावलेल्या झटका मशीननं माझ्या खर्ड्यात पोरगं मेलं होतं. नीट बसवलेलं झटका मशीन क्षणभर धक्का देऊन सोडतं, जनावर पळून जातं. जीव जातो तो आकडा टाकून तारेत सोडलेल्या २३० व्होल्टच्या घरगुती करंटनं; स्नायू आखडतात, हात सुटत नाही. आणि कातडी ओली असेल तर भाजल्याची खूणही उमटेलच असं नाही. पावसाळ्यातल्या रात्री तारेला चिकटलेलं पोरगं कुणी उचलून विहिरीत टाकलं, तर अहवालाच्या भरवशावर बापाला काय सापडणार? मग त्यानं त्या रात्री लाइन कधी होती ते विचारत फिरावं. विजेच्या उपकेंद्रातल्या नोंदवहीपर्यंत जावं. तिथला ऑपरेटर नात्यातला निघाला तर अजून चांगलं.

ऋतू तपासा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला, लाकडी बैल ओढत गेलेलं पोरगं फुटलेल्या कापसात लपू शकत नाही. तेव्हा पऱ्हाटी (कपाशी) हिरवी असते, वेचणी दिवाळीच्या आसपास. बोलीचंही तसंच. प्रत्येक वाक्यात 'बे' घातलं की वऱ्हाडी होत नाही.

गोष्ट मधेच अडली तर दोष बहुतेक खलनायकात असतो. बोलेरोतला मिशीवाला पुढारी काढून टाका. माझ्या नव्या खर्ड्यात तार लावणारा बापाचाच शेजारी आहे. दोन एकर तूर डुकरांनी उकरलेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं. बाप रात्री त्याच्या दारात उभा राहतो. आतून हाक येते, "या ना भाऊ, बसा." खुंटीला तारेचं भेंडोळं टांगलेलं असतं, आणि ते गेल्या हंगामात बापानंच मागून नेलेलं असतं.