यामागाताचं इमोनी खायला जाताना

सप्टेंबरात जपानच्या यामागाता शहरात असाल, तर मामिगासाकी नदीकाठचा इमोनी महोत्सव गाठाच. इमोनी म्हणजे अळकुड्यांचं सूप. साडेसहा मीटर व्यासाच्या पातेल्यात शिजतं आणि ढवळायला चक्क खोदकामाचं यंत्र! (त्याला वंगणही खाण्याजोगंच घालतात.) पण तमाशा बघत बसण्याआधी कूपन कुठे मिळतं ते शोधा.

शाकाहाऱ्यांनो, अळकुड्या वेचून खाऊ म्हणाल तर फसाल. सोया सॉसच्या त्या रश्शात बीफ असतं. याच प्रांताच्या समुद्रकाठच्या शोनाई भागातल्या इमोनीत मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि डुकराचं मांस असतं, म्हणजे तिथेही सुटका नाही. बुळबुळीत अळकुडी चॉपस्टिकमधून हमखास निसटते. वाडगा सरळ तोंडाशी न्या, कोणी हसत नाही. आत करडे, रबरासारखे तुकडे लागतील, ते कोन्याकू, म्हणजे सुरणासारख्या एका कंदाची घट्ट जेली. नीट चावून खा.